रस्ता आणि रहदारी (लेखांक ६) : हस्ताची पहिली सर

गेल्या आठवड्यात टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाचे जे विवेचन केले, त्याचा प्रत्यय घेण्यास हस्त नक्षत्राइतका योग्य काळ दुसरा नाही. सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास सूर्य हस्तात प्रवेश करतो, आणि तेव्हापासून परतीच्या पावसाची ती लहरी राजवट सुरू होते, जिच्यात सकाळी डोके तापवणारे ऊन, तिसऱ्या प्रहरी गडगडाट, तासाभराची कोसळ आणि पुढे चार-आठ दिवस पुन्हा कोरडे, असा क्रम चालतो. आषाढातला पाऊस लागून राहतो आणि रस्ता धुऊन काढतो. हस्ताचा पाऊस मात्र दर खेपेस नव्याने 'पहिला' होऊन येतो, आणि धोक्याचे सारे मर्म या पहिलेपणात आहे.

सिग्नलपाशी, टोलनाक्यावर, एसटी स्थानकाच्या फाटकात, जेथे जेथे वाहने खोळंबतात तेथे तेथे इंजिनातून तेलाचे थेंब गळत राहतात. त्यांत टायरची झीज आणि वाऱ्याने आणलेली धूळ मिसळून डांबरावर एक लेप बसतो. कोरडेपणी तो फारसा उपद्रव देत नाही. पण वरून शिंतोडा पडला, की तेल, माती आणि पाणी यांचे निसरडे लोणचे तयार होते. थांबारेषेजवळच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग आणि कडेला मळकट फेस दिसू लागला, म्हणजे ओळखावे की लेप सुटला आहे, पण अद्याप वाहून गेलेला नाही. जोराची सर अर्धा-पाऊण तास टिकली, तर तो बराचसा निघून जातो. म्हणूनच मुसळधारेला भिणाऱ्या आणि भुरभुरीला न जुमानणाऱ्या आपल्या वाहनचालकाचा हिशेब नेमका उलटा असतो.

याला आकड्यांचाही आधार आहे. डॅनियल आयझेनबर्ग यांनी अमेरिकेतील १९७५ ते २००० या काळातील अपघातांची छाननी करून २००४ साली दाखवून दिले, की एक सेंटीमीटर पावसाने त्या दिवसाच्या प्राणांतिक अपघातांचे प्रमाण, आधीच्या पावसाला दोनच दिवस झाले असतील तर सुमारे ३ टक्क्यांनी, आणि वीसाहून अधिक दिवस लोटले असतील तर सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.

पाणी साचल्यावर प्रश्न पालटतो. टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकणे जमेनासे झाले, की चाक पाण्याच्या पातळ थरावर उचलले जाते, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरर्थक ठरतात. विमानांच्या चाकांसाठी 'नासा'च्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ साली मांडलेल्या सूत्रानुसार ज्या वेगाला चाक असे उचलले जाते, तो टायरमधील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो : ३३ पौंड हवा असता ताशी सुमारे ९५ किलोमीटर, तर २५ पौंडांवर अवघा ८३. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली म्हणजे गाडी रस्ता धरते, हा पंक्चरच्या दुकानापासून दिवाणखान्यापर्यंत मोठ्या विश्वासाने दिला जाणारा सल्ला कोणी प्रथम दिला, ते देव जाणे. साचल्या पाण्यात तो घातकच आहे. खाचांची कायद्याने ठरवलेली किमान खोली मोटारीसाठी १.६ मिलिमीटर आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त राहणे मला तरी धाडसाचे वाटते.

शहराबाहेर याच सुमारास सोयाबीनची काढणी चालू असते आणि पुढे उसाच्या गाड्या निघतात. शेतातून डांबरीवर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या खाचांतून काळ्या मातीची ढेकळे रस्त्यावर गळतात, रहदारीखाली दळली जातात आणि सर येताच साबणासारखी पसरतात. ट्रॅक्टर केव्हाच दिसेनासा झालेला असतो. मागे राहतो तो वळणावरचा काळपट पट्टा, जो तिन्हीसांजेला डांबरापासून वेगळा ओळखू येत नाही. दुचाकीस्वाराने तेथे पोहोचण्यापूर्वीच वेग उतरवावा, पट्ट्यावर असताना ब्रेकला हात लावू नये आणि गाडी होईल तितकी सरळ ठेवून तो ओलांडावा. घाटातील उतारावर एवढी तजवीज पुरत नाही. त्याचा तपशील पुढील लेखांकी.