रीफवरची लाट कुठे फुटते?

तर मंडळी, आज जाऊ पोर्तुगालच्या एरिसेराला. मच्छीमारांचं छोटं गाव, पण 2011 पासून 'वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह'. इथल्या कितीतरी लाटा पाण्याखालच्या खडकावर फुटतात. वाळू सरकते, खडक हलत नाही. म्हणून लाट दरवेळी जवळपास त्याच जागी उभी राहते. सर्फरला हेच हवं असतं.

पण हिशोब बघा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली की लाट कोसळते. म्हणजे दीड मीटरची लाट फुटते, तिथे खाली जेमतेम दोन मीटर पाणी! ओहोटीला खडकावर त्याहूनही कमी. म्हणून पडताना सूर मारायचा नाही. आडवं, सपाट पडायचं. वर येताना हात डोक्याभोवती. आणि नवखे असाल, तर आधी वाळूच्या किनाऱ्यावरच शिका.