भाड्याच्या घरातली ओल

सांगोला हा कमी पावसाचा तालुका. इथे माणूस पाण्यासाठी आभाळाकडे बघतो. मग इथल्या घरात ओल कशी येते?

येते. आपल्याकडे बराचसा पाऊस परतीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात चार दिवस झड लागली, की जुनी माळवदे गळतात. पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपते. भिंत भिजते. मग तिच्यावर काळे-हिरवे डाग उठतात आणि खोलीला कुबट वास येतो. ही बुरशी. शिळ्या भाकरीवर भुरा येतो ना, त्याच जातीची.

बुरशीचे बारीक कण हवेत उडतात. ते श्वासावाटे छातीत जातात. खोकला, शिंका, दमा वाढतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास होतो. इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे २०२० साली भाड्याच्या घरातल्या बुरशीने दोन वर्षांचे मूल दगावले. बापाने तक्रार केली होती. त्याला ‘वरून रंग मारा’ असे सांगण्यात आले होते. पण रंगाने डाग झाकतो, ओल जात नाही. पुढे २०२३ साली तिथे कायदा करावा लागला.

म्हणून ओल दिसली, की भांडत बसू नये. मालक म्हणतो, “तुम्ही खिडक्या उघडत नाही.” भाडेकरू म्हणतो, “घर तुमचं, तुम्ही बघा.” दोघे भांडतात आणि भिंत ओलीच राहते. आधी पाणी कुठून येते ते शोधा. खर्च कुणाचा, ते त्यावरूनच कळते.

पाणी वरून येते का? माळवद, पत्रा, पन्हळ किंवा गच्चीची भेग यातून येत असेल, तर दुरुस्ती मालकाची.

पाणी खालून येते का? पायातून ओल चढते, भिंतीला पांढरा लोणा लागतो, पोपडे सुटतात. हेही काम मालकाचे. भिंतीतला नळ गळत असेल तर तेही त्याचेच.

पाणी आतून येते का? ओले कपडे खोलीतच वाळत घातले, चुलीची वाफ कोंडली, मोरी तुंबू दिली, तर दोष भाडेकरूचा. त्याने खिडकी उघडावी, मोरी साफ ठेवावी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. पण खोलीला खिडकीच नसेल, तर तो उघडणार काय? तिथे वाऱ्याला वाट मालकाने करून द्यावी. भाडेकरूने आपल्या मनाने भिंत फोडू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे कलम १४ सांगते, की घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मात्र करारात याउलट लिहिलेले नसावे. म्हणून अंगठा उठवण्यापूर्वी किंवा सही करण्यापूर्वी करार वाचा.

मालकाला निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीतही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करू शकतो. तो खर्च भाड्यातून कापता येतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही. समजा, भाडे महिना २,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २४,०००. त्याचा चौथा हिस्सा ६,०००. तेवढेच कापता येईल. गवंड्याची आणि सामानाची पावती जपून ठेवा. राहिलेले भाडे वेळेवर भरा, आणि त्याचीही पावती घ्या.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू आहे. आपली जागा त्यात येते का, हे पैसे कापण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. कागद टिकतो. चिठ्ठी अशी लिहावी:

“मालकांस नमस्कार. आपल्या खोलीचे माळवद गळते. उत्तरेची भिंत ओली झाली आहे. घरात लहान मूल आहे. तरी १५ दिवसांत दुरुस्ती करावी, ही विनंती.”

खाली तारीख आणि सही. एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

मालकानेही चिठ्ठीचा राग धरू नये. आज पावसाआधी माळवदावर पांढरी माती टाकली, तर उद्या भिंत पाडावी लागत नाही. भाडेकरूचे मूल निरोगी राहते, आणि मालकाचे घरही उभे राहते.