विभावरी म्हणजे कोण?

आज खोट्या नावाने अकाउंट उघडायला दोन मिनिटं लागतात. पण १९३३ साली अशाच एका नावाने सगळा मराठी वाचक चक्रावून गेला होता. पुस्तक होतं 'कळ्यांचे निःश्वास', प्रकाशक ह. वि. मोटे आणि लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात सरळ लिहिलं होतं. घराला पगार हवा म्हणून मुलीचं लग्न लांबवणारे आईबाप, तिची एकटेपणाची घालमेल, शरीराची ओढ, सगळं! मग काय, "ही बाई कोण?" इथपासून "बाई तरी आहे का?" इथपर्यंत चर्चा झाली.

ती होती बाळूताई खरे. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेली आणि पुण्याच्या कन्याशाळेत शिकवणारी. वय अठ्ठाविसाच्या आसपास, अविवाहित. अशा शिक्षिकेने स्वतःच्या नावाने हे छापलं असतं, तर प्रत्येक नायिका म्हणजे बाईच, असं ठरवून लोक मोकळे झाले असते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीतली अचला तर नवऱ्यापासून वेगळी राहते आणि दुसऱ्यावर प्रेम करते. तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. तो आला १९४७ साली.

इथे इंग्रजीतली जॉर्ज एलियट आठवते. तिचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. विवाहित जॉर्ज लुईसबरोबर ती १८५४ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७८ पर्यंत, लग्नाशिवाय राहिली. सख्ख्या भावाने तिच्याशी बोलणं तोडलं. १८८० मध्ये तिने रीतसर लग्न केलं, तेव्हा कुठे त्याचं पत्र आलं! एलियट ते आयुष्य जगली. आपल्या बाळूताईंनी तसं काही केलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. तरी नाव दोघींनाही लपवावं लागलं.

१९३८ मध्ये बाळूताईंनी विश्राम बेडेकरांशी लग्न केलं आणि त्या मालती बेडेकर झाल्या. गंमत बघा, दुसऱ्याच वर्षी विश्रामरावांची 'रणांगण' आली. बोटीवर भेटलेल्या हिंदुस्थानी तरुणाची आणि जर्मन ज्यू मुलीची ती प्रेमकथा. लेखक नवविवाहित, पुस्तकावर स्वतःचं नाव! पुरुषाला टोपणनावाची गरज पडली नाही.

मालतीबाईंनी सोलापूरला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. तारेच्या कुंपणाआडचं ते जग त्यांनी १९५० च्या 'बळी'त मांडलं. वडिलांवर 'खरेमास्तर' लिहिलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एखाद्या मुलीची कविता आपल्या अंकात आली, की "हे कोणाबद्दल गं?" असं कँटीनमध्ये विचारण्याआधी जरा थांबा. हाच प्रश्न टाळायला एका शिक्षिकेने आपलं नाव झाकून ठेवलं होतं.