धुराडं बसवताय? आधी हे वाचा

वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ घडली. तेच तत्त्व घरीही जमतं. माती, शेण, भुसा कालवून चूल कुणीही लिंपेल. खरी गोम धुराड्यात! पाइप चार इंची घ्या, शक्यतो सरळ उभा. प्रत्येक वळणाला धुराची ओढ कमी होते.

माझा पहिला पाइप कौलांवर जेमतेम वीतभर होता. वारा सुटला की अख्खं घर खोकायचं. आढ्याच्या दोन फूट वर नेला, तेव्हा सुटका झाली. वर टोपी हवीच, पावसासाठी.

पत्र्याचा पाइप भयंकर तापतो. वाशांपासून दीड फूट लांब ठेवा, आड येणाऱ्या रिपा कापा, भोक पत्र्यानं झाका. काजळी महिन्याला काढा. आणि खिडकी उघडी ठेवा बरं!