चित्रकलेचे पुढचे शिक्षण : अर्जाची तयारी आधीपासून हवी

शेतीच्या पानावर चित्रकलेचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या गावांत शिवारफेरीला गेले की पिकाचे बोलून झाल्यावर एखादा बाप हळूच विषय काढतो, "साहेब, पोरगं चार वर्षं चित्रकला शिकलं. आता म्हणतंय अजून दोन वर्षं बडोद्याला जायचं. चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहू. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथले शिक्षण झाल्यावर ते बडोद्याला गेले आणि १८९० साली कलाभवनात पुढे शिकू लागले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे नाशिक, मुंबई, बडोदा ही वाट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

एम.एफ.ए. म्हणजे काय?

बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.ए. ही पदवी आणि त्यापुढे दोन वर्षांची एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी. रंगकला, शिल्पकला, मुद्राचित्रण असे त्यात विभाग असतात. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० पासून आहे, तर शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ पासून. बनारस हिंदू विद्यापीठातही हे शिक्षण मिळते.

एक गोष्ट आधी तपासावी. मुलाकडे पदवी आहे की पदविका? आपल्याकडे अनेक मुले जी.डी. आर्ट ही पदविका घेतात. ती एम.एफ.ए.ला चालते की नाही, हे त्या त्या विद्यापीठाला फी भरण्यापूर्वी विचारावे.

निवड कशावर होते?

इथे नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. मुलाने केलेल्या कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, पाहतात. अनेक ठिकाणी चाचणी व मुलाखत असते. पुढे काय काम करायचे आहे, याचे एक-दोन पानी निवेदनही बऱ्याच ठिकाणी मागतात.

द्राक्षबागायतदाराला हे लगेच समजेल. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसतो, पण त्याची निर्मिती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीतच झालेली असते. ऐन वेळी औषध मारून घड येत नाही. तसेच पोर्टफोलिओचे आहे. अर्जाच्या आधी महिनाभर रात्री जागून तो होत नाही. बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षापासून कामे जपून ठेवावीत. चित्राचा फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ, फ्लॅश न मारता काढावा. खाली आकार, माध्यम आणि साल लिहावे. कच्च्या रेखाटनांच्या वह्या रद्दीत घालू नयेत, मुलाखतीत त्या उपयोगी पडतात.

आणि विषय? कॅलेंडरवरच्या चित्राची नक्कल नको. मुलाच्या डोळ्यासमोर कांद्याची चाळ आहे, बाजार समितीतला लिलाव आहे, गारपिटीने झोडपलेली बाग आहे. हे शहरातल्या मुलाकडे नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातले गाव. तिथल्या खाणकामगार कुटुंबात १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते खैरागडच्या विद्यापीठात बी.एफ.ए. झाले आणि २०११ साली बडोद्याहून एम.एफ.ए. झाले. खाण, कामगार, शेतकरी, जमीन हेच त्यांच्या चित्रांचे विषय आणि कोळसा हेच त्यांचे एक माध्यम. वेल्समधील आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार २०२१ मध्ये सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत ते एक होते. गावाला त्यांनी अडचण मानले नाही, भांडवल केले.

कागदपत्रांत अडू नका

गावाकडचे पोर चित्रात कमी पडत नाही, कागदात अडते. इथे तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायत अधिकारी आणि सेतू केंद्र यांचे काम येते.

१. नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर होतात. जुना दाखला पुढच्या वर्षी चालेल, असे धरू नये.

२. या दाखल्याच्या आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत शेतीचे उत्पन्न व पगार धरत नाहीत. मोठ्या बागायती जमिनीची अट मात्र वेगळी आहे. "बाग आहे, मग दाखला मिळणार नाही" असे परस्पर ठरवू नये.

३. केंद्रीय विद्यापीठात ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तिथे ईडब्ल्यूएस आरक्षणात पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेले कुटुंब बसत नाही.

४. परराज्यातल्या राज्य विद्यापीठात आपला जातीचा दाखला आरक्षणासाठी चालेलच असे नाही. खुल्या जागा किती, हे आधी विचारावे.

५. विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. निकाल लागताच त्याचा अर्ज करावा.

६. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर असतात. ठिबकचा अर्ज जसा वेळेत भरतो, तसाच हाही भरावा. कॉलेज राज्याबाहेरचे असेल तर ती लागू होते का, ते पाहावे.

अनेक केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश २०२२ पासून सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होऊ लागले. तिचे अर्ज पदवीचा निकाल लागण्याआधीच भरावे लागतात. म्हणून दिवाळीनंतर मुलाने प्रत्येक विद्यापीठाच्या तारखा कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात.

पोटाचे काय?

खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. एम.एफ.ए. झाले की नोकरी ठेवलेली नाही. नेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज करता येतो. ॲनिमेशन, छपाई, सजावट यांत काम मिळू शकते. स्वतःची चित्रे विकून संसार चालायला मात्र वर्षे लागतात. त्यामुळे सरकारी व अनुदानित संस्था आधी पाहाव्यात. दोन वर्षांची फी, खोली, जेवण आणि रंगसाहित्य यांचा हिशेब घरात बसून मांडावा. भरमसाट फीच्या संस्थेसाठी जमीन गहाण टाकू नये.

पण हिशेब बसत असेल, पोराची चार वर्षांची कामे बोलत असतील आणि त्याला स्वतःला जायचे असेल, तर "चित्रं काढून काय होणार" एवढ्यावरच त्याला थांबवू नये. बापाने फी पाहावी, पोराने चित्रे पाहावीत आणि गावच्या अधिकाऱ्यांनी दाखला वेळेत हातात द्यावा. या वर्षी शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यापासून आजच सुरुवात करावी.