दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं

13 ऑक्टोबर 1987. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मतमोजणी आटोपली आणि विधानसभेच्या 58 पैकी 58 जागा लिबरल पक्षाच्या पदरात पडल्या. प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, रिचर्ड हॅटफिल्ड सतरा वर्षं सत्तेत होते. ते स्वतःही पडले. जिंकलेले फ्रँक मॅककेना होते 39 वर्षांचे वकील. बॉक्सर इव्हॉन ड्युरेल याला खुनाच्या खटल्यातून त्यांनी निर्दोष सोडवलं होतं, त्यामुळे नाव घराघरांत पोचलेलं. अर्थात सगळं श्रेय त्यांना देऊन चालणार नाही. 1984 मध्ये राणीच्या दौऱ्यात हॅटफिल्ड यांच्या सामानात गांजा सापडला होता. न्यायालयात ते सुटले, मतदारांनी मात्र सोडलं नाही.

लाकूड, मासे, बटाटे आणि केंद्राची मदत यांवर चाललेला हा प्रांत. मॅककेनांनी तो विकायला काढला, चांगल्या अर्थाने. स्वतःच्या आडनावाची अक्षरं गुंफून त्यांनी टोल-फ्री नंबर घेतला: उद्योजकाने फोन फिरवायचा आणि थेट प्रीमियरच्या कार्यालयाशी बोलायचं. माल काय, तर टेलिफोन कंपनीचं आधुनिक डिजिटल जाळं आणि इंग्रजी-फ्रेंच दोन्ही सफाईने बोलणारी माणसं. कॉल सेंटरं येऊ लागली. 1995 मध्ये यूपीएस या कुरिअर कंपनीने कामं इकडे हलवली, तेव्हा पैसे देऊन आमच्या नोकऱ्या पळवल्या म्हणून ब्रिटिश कोलंबियाने आकांडतांडव केलं. विक्रेता म्हणून मॅककेना नंबर एक, यात वाद नाही. पण विकला जात होता तो स्वस्त मनुष्यबळाचा प्रांत, हा टीकाकारांचा मुद्दाही खोडता येत नाही. शिवाय तूट भरून काढताना इस्पितळांची स्थानिक मंडळं गेली, पुढे निवडून येणारी शाळा मंडळंही गेली. एकहाती बहुमताची सवय अशीच असते.

आपण दहा वर्षंच राहणार, असं ते सांगत आले होते. 13 ऑक्टोबर 1997 रोजी, बरोबर दहा वर्षांनी, ते पायउतार झाले. तिसऱ्यांदा निवडून येऊन दोनच वर्षं झालेली, कुणी ढकललेलं नाही.

मग वकिली आणि कंपन्यांची संचालकपदं. 2005 मध्ये वॉशिंग्टनमध्ये राजदूत झाले. वर्षभरात ओटावात सरकार बदललं आणि त्यांनी पद सोडलं. लिबरल पक्षाचं नेतृत्व तेव्हा रिकामंच होतं, ते लढले असते तर तुल्यबळ ठरले असते. त्यांनी नकार दिला आणि मे 2006 मध्ये टीडी बँकेचे उपाध्यक्ष झाले. 2010 पासून ब्रुकफील्ड या गुंतवणूक कंपनीच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपदही आलं. बँकेत त्यांचं काम कर्जाच्या फायली तपासण्याचं नव्हे, मोठी गिऱ्हाइकं जोडण्याचं. नोव्हा स्कोशियातल्या फॉक्स हार्बर रिसॉर्टवर ते दरवर्षी उद्योगपती आणि राजकारण्यांचा मेळा भरवत. बिल क्लिंटनही तिथे येऊन गेले. सत्तेतल्या ओळखी अशा बाजारात वापराव्यात का, हा प्रश्न रास्त आहे. मॅककेनांपुरतं इतकंच म्हणता येईल, की धंदा त्यांनी बदललाच नाही. प्रीमियर असतानाही ते हेच करत होते, फक्त तेव्हा गिऱ्हाईक प्रांतासाठी शोधत होते.