पाइपाची पारख

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका नावाचे गाव आहे. आता ते शहरातच मिसळून गेले आहे. केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तेव्हा मराठी माणूस या बाजूला अगदीच परका म्हणता यायचा नाही. आमचे एक तरुण शेजारी मूळचे बेळगावकडचे. लाकूडकाम हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद. एके दिवशी स्वतः घडवलेला शिसवी पाइप त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "काका, बघा बरं कसा झालाय. सासऱ्यांना द्यायचाय." मी एके काळी पाइप ओढत असे, म्हणून ही विचारणा. तंबाखू सोडून मला पुष्कळ वर्षे झाली. तिच्यामुळे कर्करोग होतो याविषयी आता शंका उरलेली नाही, आणि कोणी ती ओढावी म्हणून मी हे सांगत नाही. पण वस्तूची पारख ही गोष्ट निराळी.

पाइप दिसायला सुबक होता. चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखी त्यावर लाखेची तांबडी झिलई होती. मी "छान" म्हणालो आणि परत दिला. इथेच माझे चुकले.

चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. आता जी झिलई उष्णतेने बसते ती उष्णतेनेच उठणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. खेळण्याला शोभणारी ही कला निखारा पोटात बाळगणाऱ्या वस्तूला कशी मानवेल? तीच गोष्ट लाकडाची. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी धरणारी गाठ, जिला ब्रायर म्हणतात, ती कठीण असते व सहजी जळत नाही. ती कित्येक तास उकळून, मग महिनोन्महिने वाळवून कामात घेतात. फ्रान्समधील सँ-क्लोद या गावाची कीर्ती याच उद्योगाने झाली. आपले शिसवी लाकूड देखणे खरे. पण त्यात तेलकट अंश असतो आणि त्याच्या भुकटीनेसुद्धा काहींना त्रास होतो.

परंतु पाइप बिघडतो तो बहुधा लाकडापेक्षा भोकामुळे. नळीचे छिद्र तंबाखूच्या वाटीच्या अगदी तळाशी उघडले पाहिजे. ते वर उघडले, की तळाला ओली तंबाखू साचते आणि पाइप गुरगुरू लागतो. छिद्र सुमारे 4 मिलिमीटरचे असावे. अरुंद असल्यास ओढणारा जोर लावतो आणि वाटी तापते. वाटीची भिंत निदान 6 मिलिमीटर जाड हवी. म्हणून नवशिक्याने आधी भोके पाडावीत आणि मगच बाहेरचा आकार कोरावा. आमच्या शेजाऱ्यांनी नेमके उलट केले होते. आकार आधी, गिरमिट मागून! एका बाजूची भिंत पातळ राहिली होती, आणि ती बोटांनी चाचपताच मला कळली होती.

आठ दिवसांनी ते आले. लाखेला फोड आले होते, वाटी एका अंगाला काळवंडली होती. सासऱ्यांनी एकदाच पेटवून, काही न बोलता पाइप बाजूला ठेवला होता.

"काका, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

मी होय म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मग आम्ही दोघे ओसरीवर बसलो. लाख खरवडून काढली. तार घालून पाहिली तेव्हा छिद्रही वर उघडल्याचे दिसले. राख पाण्यात कालवून तळाशी थापली आणि वाळू दिली. तळ उंच करण्याची ही जुनी युक्ती आहे. छिद्र थोडे रुंद केले. पातळ भिंतीला मात्र इलाज नव्हता. लाकूड काढता येते, घालता येत नाही.

आता त्यांनी ब्रायरचा ठोकळा मागवला आहे. परवा त्यावर पेन्सिलीने दोन्ही भोकांच्या रेषा आखून ते मला दाखवायला घेऊन आले. नळीची रेष तळाच्या बोटभर वर जात होती. मी ती खोडली.